वस्तू क्रमांक सतरा

एकतीस वस्तू माझ्या ताब्यात
आणि अकरा महिन्यांचा करार.
विमान आठवड्यातून तीनदा येतं.
बाकीचे दिवस मी, गेटवरचे बिसेनभाऊ
आणि छतात अडकलेली एक चिमणी,
जिला अजून नंबर पडलेला नाही.

सकाळी वही घेऊन निघते.
एक : बांबूचा मासा. पोटाखाली भुंग्यानं सांडलेलं पीठ.
चार : तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी.
चाकं सैल. पोरं फिरवतात.
‘हात लावू नये’ची पाटी मीच काढून ठेवलीये,
तेवढं वहीत नाही.
नऊ : सारसांची जोडी, पितळी, देणगीदाराच्या नावासकट.
बाहेर धानाच्या बांध्यांतून खरे सारस
धावपट्टीकडे आले
की बिसेनभाऊ सुतळी बॉम्ब लावतात.
आतल्यांना मी मऊ फडक्यानं पुसते.

सतरा : नाटकाचा पडदा. राजमहाल, रात्र.
सुती कापड, बावीस फूट बाय चौदा.
चित्रकार : अज्ञात.
समोर पश्चिमेची काच आहे, आर्किटेक्टला आवडलेली.
तीन उन्हाळे तिच्यातून आत आले
आणि महालाच्या डाव्या कोपऱ्यात
आता दुपार झाली आहे.
नागपूरला कळवलं. उत्तर आलं :
स्थिती एका शब्दात लिहावी.

खालच्या काठाशी एक बगळा आहे, लिंबाएवढा.
महालात बगळ्याचं काय काम?
फोटो काढून मंडईच्या दिवसांत गावोगाव दाखवला.
तिसऱ्या गावी एका भजीवाल्यानं
हात पुसून मोबाइल जवळ घेतला, म्हणाला,
हा तं आडकुजीचा बगळा.

आडकुजी नाकतोडे आले शनिवारी, धुतल्या सदऱ्यात.
चुन्याची डबी एक्स-रेमधून गेली,
दोनदा गेली.
पासावर कारण लिहावं लागतं.
बिसेनभाऊंनी वाचून दाखवलं : कामगार, पाहुणा, नातेवाईक?
‘नातेवाईक,’ म्हणाले आडकुजी,
आणि बिसेनभाऊंनी
कोणाचे ते विचारलं नाही.

पडद्यासमोर उभे राहिले.
मी उडालेल्या रंगाची माफी मागायला लागले,
काचेला फिल्म लावायचा प्रस्ताव,
तो कुठल्या टेबलावर आहे, वगैरे.
त्यांचं लक्ष वर, दांडीकडे.
‘हा खाली कवा पडते?’
पडत नाही, म्हटलं. लावलेलाच असतो.
‘तीन सालं एकच प्रवेश?’
मी गप्प.
‘पडदा ठेवाचा नसते जी.
पाडाचा असते, उचलाचा असते.
दमला हाये तो.’
मग डाव्या कोपऱ्यातल्या दुपारीवर बोट टेकवलं,
मी त्यांना अडवलं नाही.
‘इकडं दिवस निंघाला. बरं झालं.
राजा बिचारा कवाचा जागाच होता.’

आता शेवटच्या विमानाचा दिवा
झाडांमागे गेला की बिसेनभाऊ शिडी आणतात.
आम्ही महाल गुंडाळतो, वरून खाली नाही,
आडकुजींनी दाखवलं तसा खालून वर,
बगळा आधी आत जातो.
पूर्वपरवानगीशिवाय वस्तू हलवू नये,
नियम सहा.
वहीत ‘अज्ञात’वर रेघ मारून नाव लिहिलं,
स्थितीच्या रकान्यात लिहिलं : विश्रांती.
नागपूरहून अजून कोणी विचारलेलं नाही.
करार संपायला सत्तावन्न दिवस आहेत.

बुधवारी सकाळी दोर सोडत होते,
महाल हळूहळू उतरत होता.
एक म्हातारी बाई, पहिल्यांदाच विमानात बसणारी,
तिकिटाचा कागद छातीशी धरून
रांग सोडून आली.
पिशवी खाली ठेवली.
‘चालू होते का आता?’
मी म्हटलं, बसा.