शिसपेन्सिलीनं

सोल्वेग सुईण म्हणाली, जुना टाका उसवतो
दोनशेंत एकीचा.
बाकीच्यांचं काय होतं, ते मी विचारलं नाही.
ओड्वारनं विचारलं.
"बऱ्याचजणी मोकळ्या होतात. उरलेल्यांना
आम्ही पुन्हा कापतो."

घरी येऊन जाळं मांडीवर घेतलं.
बारा वर्षं मी फाटकी जाळी सांधते.
सांधल्या जागी गाठ जाड राहते,
बोटांना अंधारातही कळते.
तिथूनच परत फाटतं का?
कधीकधी. बहुधा शेजारची वीण जाते.
हे सोल्वेगला सांगितलं तर हसली,
म्हणाली, गर्भाशय म्हणजे नायलॉन नव्हे.

बेटावर रात्री पोट उघडणारं कुणी नाही,
म्हणून अडतिसाव्या आठवड्यात फ्योर्डपलीकडे,
मावसबहिणीकडे, मासळीच्या दुकानावरच्या खोलीत.
वारा चढला की फेरीबोट बंद,
आणि कळा काही वेळापत्रक बघून येत नाहीत.

ब्रागे विचारतो, बाळ कुठल्या दारानं येणार?
त्याचं दार त्यानं पाहिलंय आंघोळीच्या वेळी,
ओटीपोटावरची फिकट रेघ.
त्याला वाटतं, आतून कडी असेल.

कागदावर शिसपेन्सिलीनं लिहिते:
मला चालू द्या.
"जोर लाव" म्हणून कुणी ओरडू नये.
खोडते. ओरडलात तरी चालेल.

मागल्या खेपेला हिरव्या पडद्याआडून
माझ्याच मुलाचं रडणं ऐकलं,
शेजारघरातलं ऐकावं तसं.

म्हणून शेवटची ओळ तेवढी शाईनं:
कापावं लागलंच, तर
पडदा खाली घ्या.