सराटा

हिप्परग्याच्या माळावर वाकून
पाकळ्या मोजते: पाच.
पिवळ्या. पण तरवडही पिवळा,
काटे-धोतराही पिवळाच.

म्हणून पान उलटते.
समोरासमोर चिमुकल्या जोड्या,
खालून रुपेरी लव.
केसर दहा. की नऊ?
वाऱ्यानं फूल हलतं.

नरसम्मा शेळ्या वळवत येते.
चाळीस वर्षं मागावर तुटके धागे जुळवले,
आता डोळ्यांत मोतीबिंदू.
"काय शोधायलीस गं?"

मी भिंग पुढे करते.
ती चप्पल काढते,
टाच टेकवते मातीत,
कळवळते, हसते,
आणि दोन शिंगांचा काटा उपटून
माझ्या वहीवर ठेवते.
"सराटाच की."

रंग, पान, केसर, फळ.
टाचेला रकाना नाही.
समासात लिहिते.