पाच मिनिटं उरली

माझ्या हातात तीन पुठ्ठे होते,
पिझ्झाच्या खोक्यांची झाकणं कापून केलेले.
एकावर पाच. एकावर एक.
तिसऱ्यावर नुसता उघडा पंजा.
पाठीमागे अजून तेलाचे डाग.

कौनास. नोव्हेंबर.
नेमुनास नदीवरचं धुकं विद्यापीठाच्या पायऱ्या चढून दारात थबकलेलं,
कारण दारात गिंतारे उभी होती
आणि ओल्या बुटांना ती आत सोडत नव्हती.
पहाटेपासून वायरींचा गुंता सोडवत,
चिकटपट्टी दातांनी तोडत
मला म्हणाली, "तू कोड लिहीत नाहीस ना? बरं झालं.
त्यांना वेळेवर थांबवशील तरी."

मी वाचनालयात असते.
पुस्तक बाहेर जाताना परतीच्या तारखेचा शिक्का मारते.
आमची जुनी यंत्रं या लोकांनी
फुकट वाटलेल्या कामावर चालतात, एवढंच माहीत होतं.
म्हटलं, ज्यांचं मीठ खाल्लं
त्यांची भांडी तरी घासावीत.

तर सकाळभर मी माणसांना गप्प केलं.
रीगाहून रात्रीच्या बसने आलेला एक मुलगा
झोपेत बोलावं तसं बोलला आणि वेळेआधीच संपला.
एकीने पंजा पाहिला
आणि वाक्य तिथेच मोडलं, क्रियापदाशिवाय.
दुपारी बिटाचं गरम सार वाढलं,
एकशे त्र्याण्णव वाट्या;
बोटं संध्याकाळपर्यंत गुलाबी.

साडेचार. खोली तीनशे चार.
रिमांतस. स्वेटरच्या कोपरांवर ठिगळं,
पडद्यावर एकही चित्र नाही.
तारखा मोजणारा एक छोटा प्रोग्राम तो सांभाळतो,
लीप वर्षं, घड्याळं मागेपुढे होण्याचे दिवस,
एकोणीस वर्षं, एकटा.
"मुलीच्या लग्नाच्या रात्री," तो म्हणाला,
"दूरच्या एका देशाने अचानक घड्याळं बदलली.
नाच सोडून मी स्वयंपाकघरात बसलो.
केकच्या ट्रेवर लॅपटॉप ठेवून."
लोक हसले. तो नाही हसला.
"दवाखान्यांत चालतो तो, बसच्या वेळापत्रकांत चालतो,
वाचनालयांत पुस्तक परत कधी, ते सांगतो.
मला आभार नकोत.
किल्ल्या घ्या कुणीतरी."

माझा शिक्का आठवला मला.
पण काम ते काम. मी पाचचा पुठ्ठा वर केला.
त्याने पाहिला, मान डोलावली:
"तेच सांगतोय मी."

मग एक.
मग पंजा, जो मी वर केला नाही,
मांडीखाली दाबून बसून राहिले.

कुणी बोललं नाही. छताच्या दिव्याची घरघर.
मग टाळ्या झाल्या, भरपूर, गरजेपेक्षा लांब.
टाळ्या वाजवायला दोन्ही हात लागतात,
वर करायला एकही उरत नाही.

खोली रिकामी झाल्यावर आम्ही खुर्च्या रचत होतो,
मी आणि ऑस्तेया, शौल्यायची, एकोणीस वर्षांची,
स्वयंसेवकाचा टी-शर्ट गुडघ्यापर्यंत.
तो चार्जर गुंडाळत होता.
खुर्ची हातातच धरून तिने विचारलं,
"किती ओळी आहेत?"

"अकरा हजार.
त्यातल्या चारशेंची मला लाज वाटते."

"मग त्या चारशे आधी दाखवा."

दोघं भिंतीच्या प्लगजवळ जमिनीवर बसले.
गुंडाळलेला चार्जर पुन्हा उलगडला.
तिने काहीतरी वाचलं आणि म्हणाली, "हे असं का?"
तो बराच वेळ गप्प,
मग म्हणाला, "मला वाटलं होतं, कुणी विचारणारच नाही."

सातला इमारत बंद.
गिंतारे दारात, हातात किल्ल्यांचा जुडगा,
माझ्याकडे पाहत: हे तुझं काम.

मी पुठ्ठा उचलला. पाच.
त्यांनी मान वर केली नाही.
धुकं आता खिडकीच्या काचेला टेकलेलं,
शेवटची ट्रॉलीबस त्यातून दिवे चाचपत गेली.

गिंतारेने घड्याळ पाहिलं.
मी पुन्हा पाचच दाखवले.