झेड एक्क्याण्णव

बदक चावलं तर त्याला कोड आहे.
बदकाची नुसती धडक बसली, तर वेगळा.
चौदा वर्षं मी ईरी गावातल्या एका तळघरात बसून
लोकांच्या दुखण्यांना आकडे लावते.
आकड्यांवरून बिलं निघतात,
बिलं पाहून माणसं पुन्हा आजारी पडतात,
पण तो विभाग माझा नाही.

मंगळवारी रात्री एक चार्ट उघडला.
पुरुष, वय त्रेसष्ट. साखर पाचशे चाळीस.
डाव्या पायाचं बोट काळं. काढलं.
खाली नर्सची टीप: महिन्याचं इन्शुलिन
हा दोन-दोन महिने पुरवत होता,
जशी आई महिनाअखेरीला
उकळलेली चहापत्ती पुन्हा उकळायची.

यालाही कोड आहे.
झेड एक्क्याण्णव, पॉइंट, एक दोन शून्य:
पैशाअभावी रुग्णाने जाणूनबुजून औषध कमी घेणे.
कुणीतरी बैठकीत, कॉफीचे कप सरकवत
हे वाक्य मंजूर केलं असेल.
म्हणजे माहीत आहे.
इतकं नेमकं माहीत आहे
की त्याला दशांशचिन्ह आहे.
या कोडवर कुणी छदाम देत नाही.
बोट कापण्याच्या कोडवर देतात.

मग नाव वाचलं. नाव मी शेवटी वाचते.
लेनर्ड प्रुख्निक.
मधलं कुंपण सोडलं तर माझा शेजारी.

त्याच्या हिरवळीवर पाटी आहे:
सरकारने माझ्या डॉक्टरपासून लांब राहावं.
‘गल्लीतला खड्डा तीन वर्षं बुजवता येत नाही,
आणि हे माझं काळीज सांभाळणार?’
खड्डा खरा आहे. माझंही चाक त्यात गेलंय.

मी त्याला विट्याचं सांगायला गेले होते एकदा.
बाबा तिथल्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर.
रांग दारापासून चिंचेपर्यंत,
कधी कापूस संपलेला, कधी डॉक्टरच नाहीत.
खोटं कशाला बोलू?
पण केसपेपरच्या खिडकीवर
‘कुठे कामाला आहेस?’ असं
कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही.
लेनर्ड म्हणाला, ‘आणि तरी तू इथे आलीस.’
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

प्लास्टिकचा कारखाना बंद पडला, विमा त्याच्याबरोबर गेला.
पासष्टाव्या वर्षी हेच सरकार
त्याला पदराखाली घेणार आहे.
मधली दोन वर्षं तेवढी
त्याने जिवंत राहून दाखवायचं.

वाचलेलं मी बोलू शकत नाही.
कायदा आहे. नोकरी जाईल,
आणि नोकरीच्या शेपटाला बांधलेली
माझी थायरॉइडची गोळी.

तीन आठवड्यांनी दिवाळी. दरवर्षी मी त्याला
डबाभर शंकरपाळे देते, तो गॅरेजमध्ये
उभ्या उभ्या निम्मे संपवतो.
यंदा कडबोळी भरली.
त्याने झाकण उघडलं, बराच वेळ बघितलं.
‘गोड नाही?’
‘साखर संपली होती,’ मी म्हटलं.
माझ्याकडे बघत राहिला.
मला वाटलं, कळलं याला.
मग वाटलं, नसावं.

दुसऱ्या दिवशी तळ्यावरून बर्फ आला, गुडघाभर.
सहा वाजता यंत्राचा आवाज.
लेनर्ड, एका पायात बूट, एका पायात
दवाखान्याचा निळा खोका,
माझ्या दारापासून रस्त्यापर्यंत वाट काढत होता.
मी गाऊनवरच वीस डॉलर घेऊन धावले.
हाताने उडवून लावलं मला.
‘शेजाऱ्याला कुणी बिल लावतं का?’

लावतं, लेनर्ड.
मी दारातच उभी राहिले, नोट मुठीत.
तो यंत्र वळवून कुंपणापलीकडच्या
म्हाताऱ्या मिसेस ऑडेटच्या दाराकडे निघाला,
डावा पाय घासत,
गालात अजून एक कडबोळं.