पाव किलो, नेहमीचा

पारोळ्याच्या बाजारपेठेत
पाटीवर 'फिदाअली आणि पुत्र',
तराजूवर मात्र नात, तस्नीम.
पंख्याचं तोंड भिंतीकडे,
बारीक पत्ती उडते म्हणून.
घाम गिऱ्हाइकाचा.

मी डबा पुढे केला. "आईचा, नेहमीचा."
तिनं नाव नाही विचारलं, डबा ओळखला.
"शेळाव्याच्या ना? बठा भाऊ."

दोन मापं दाणेदार, एक डस्ट,
तळहातावर चोळून हुंगलं,
मग माझ्या नाकाशी धरलं:
आमचं घर, सकाळी सहाचं.

डबा भरला, झाकण बसलं.
मग फळीवरून तिनं एक बरणी काढली,
लहान, चिकटपट्टीवर गावाचं नाव.
"हे लांब पानाचं. त्यांचं वेगळं."

आमच्यात बिनदुधाचा
कुणी कधी प्यायलेलं नाही.

वहीतून मान न काढता तिचा बाप म्हणाला,
"घरी नाही न्यायच्या. इथंच ठेवायच्या.
एसटीला वेळ असला की त्या बाकड्यावर,
एकट्या.
बोलायच्या नाहीत फार."

बरणीत तळाला दोन चमचे असतील.

तस्नीमनं आधण ठेवलं.
माझी साडेतीनची गाडी
वळणावर हॉर्न देत होती.
मी बाकड्यावरची पिशवी
थोडी सरकवली.