ठाण

चर्चमागच्या हॉलचं भाडं तासाला नऊ पौंड.
बुधवारी बिंगो, शुक्रवारी लहान मुलींचा बॅले,
मंगळवारी आम्ही:
ग्रिम्सबीच्या गोदीतून निवृत्त झालेली, किंवा काढून टाकलेली,
किंवा अजून कुठेच न चिकटलेली
अकरा माणसं.
भिंतीवर विजेचा मीटर. नाणं टाकल्याशिवाय
देवाच्या दारीसुद्धा उजेड नाही.

"घोड्यावर बसा," लाउबाई म्हणाल्या.
घोडा नव्हता.
पाय खांद्यांहून रुंद, गुडघे वाकलेले,
खाली बॅडमिंटनची पुसट पिवळी रेघ.
पहिल्या मंगळवारी दीड मिनिट.
डोरीन ॲपलगार्थ कण्हत म्हणाली, हे तर
हिवाळ्यात परसातल्या संडासात बसायचो तसं.
बाई हसल्या नाहीत.
"हो. तसंच. पण पाठ सरळ."

मला वाटायचं, उभं राहणं मला कुणी शिकवायला नको.
बावीस वर्षं ट्रॉलरवर काढली.
बर्फ धरलेला डेक, एका हातात सुरी, दुसऱ्यात कॉड,
आणि लाट यायच्या आधी ती
गुडघ्यांना कळलेली असायची.

बाईंनी दोन बोटं माझ्या खांद्याला लावली.
ढकललं म्हणावं इतकंही नाही.
मी रचलेल्या खुर्च्यांत जाऊन पडलो.

"मिस्टर स्किपवर्थ, तुम्ही अजून बोटीवर आहात.
जमीन हलेल म्हणून आधीच हलता."

घरी जाताना सगळा रस्ता पायांकडे बघत चाललो.
विनी होती तेव्हा म्हणायची,
तू दारात येऊन उभा राहतोस
तोच निघाल्यासारखा.
मी म्हणायचो, बूट तर काढू दे.

लाउबाई इपोहच्या. एकोणिसाव्या वर्षी इथे नर्स व्हायला आल्या,
एकतीस वर्षं रात्रपाळी.
मूठ कुठून निघते हे सांगताना त्या
कुठल्या मठाचं, कुठल्या डोंगराचं नाव घेत नाहीत.
"कंबर. हात नव्हे.
वॉर्डात शंभर किलोचा माणूस कुशीवर वळवायचाय,
आणि त्याला जाग येऊ द्यायची नाही."
मग हवेत एक बुक्का, इतका हळू
की मला खरंच कुणीतरी झोपलेलं दिसलं.

शेल्बी सोळा वर्षांची. तिचं सगळं नवं.
चंदेरी साटिनचा पोशाख, पत्र्यासारखी लवलवणारी तलवार,
धावत येते, हवेत दीड गिरकी,
आणि दोन्ही पाय फाकवून थेट फरशीवर,
जणू कुणी कात्री उघडून ठेवली.
आमच्या संथ हालचालींना ती म्हणायची
रंग वाळत घातलाय.

शेफील्डच्या स्पर्धेत उतरताना तिचा तळहात जमिनीला लागला.
एवढंच. तळहात.
पुढच्या मंगळवारी साध्या ट्रॅकपँटमध्ये आली
आणि माझ्या शेजारी घोड्यावर बसली.
बराच वेळ गेला. मग, समोर बघतच,
"तुम्ही पडता तेव्हा काय करता?"
"खुर्च्या कुठे आहेत ते बघून ठेवतो," मी म्हटलं.

मार्चमध्ये तिने मला उडी शिकवायला घेतली.
माझं वय सदुसष्ट. माझी उडी
जमिनीपासून चार बोटं, त्यातली दोन बुटाची.
बाई चहाचा कप घेऊन बघत होत्या.
"उडी वाईट," म्हणाल्या. "उतरणं चांगलं."
इतकं चांगलं माझ्याबद्दल
कुठल्या कप्तानानेही लिहिलेलं नाही.

काल रात्री सातव्या मिनिटाला मीटर खटकन बंद पडला.
काळोख.
डोरीनचा गुडघा वाजला. बाहेर वाऱ्याने
कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं, आपटलं.
माझ्या खिशात नाणं होतं. सगळ्यांच्याच असणार.
कुणी हललं नाही.

मी पावलांखाली काहीतरी यायची वाट पाहत होतो,
सवयीने.
आलं नाही.
फळ्या होत्या, फळ्याच राहिल्या.

बाई अंधारात कँटनीजमध्ये आकडे मोजत होत्या.
आम्हाला दहापर्यंतच येतात.
त्या पुढे गेल्या.