दाब

दसऱ्याला घेतली होती नवी पेठेतून,
घासाघीस करून साडेचारशेला.
गड्ड्याची यात्रा उठायच्या आत
लोकेश तिच्यातून चार बोटं बाहेर आला.

"आता असंच चालतं," म्हणतो, "घोट्याच्या वर."
चालत असेल.
पण रविवारी पाहुणे आले तेव्हा
पलंगाच्या कडेला बसून
दोन्ही हातांनी ती खाली ओढत होता,
आखूड चादरीतला माणूस
झोपेत ओढतो तशी.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
म्हण करणाऱ्याच्या घरी
सोळा वर्षांचं पोरगं नसावं.

राजमणी शाळेचे गणवेश शिवते,
पँटीमागे नऊ रुपये.
मालक कुरकुरतो, कापड वाया जातं म्हणून,
तरी प्रत्येक पायाला आतून दीड इंच दाब सोडते.
"पोरं वाढतात की ओ," म्हणते,
"कापडाला नको का माहीत?"

या जीन्सला दाब असा नव्हताच.
दाढीच्या जुन्या ब्लेडनं टाके उसवले
तर बोटभर निघाला, दुहेरी दुमडलेला,
आतून अजून दुकानातल्यासारखा निळा.
आणि जुनी दुमड होती तिथं
एक पांढरी रेघ,
ओढ्याचं पाणी उतरल्यावर
दगडावर राहते तशी.

बोटभरानं भागेना.
सगळा निळा खाली सोडायचा
तर आतून जोडायला पट्टी हवी.

पेटीत तळाशी होती.
माग भंगारात गेला त्या दिवशी
बीमवरचा शेवटचा दीड हात तुकडा
मी कापून आणला होता.
कशाला, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.
नक्षी पुरी व्हायच्या आत वीज तोडली,
म्हणून हत्तीला नुसती सोंड आहे
आणि एक कान.

अकरानंतर मशीन मोकळं होतं.
बावीस वर्षं मागावर काढली मी,
चार मागांच्या खडखडाटात
एक धागा तुटला तरी मान वळायची.
सुईचं मात्र काही कळत नाही.
बाजूच्या शिवणीवर, जिथं
कापडावर कापड चढून गाठ होते,
तिथं टक् झालं.

राजमणीनं डोळे उघडले नाहीत.
"सोळा नंबर लावली असणार. अठरा लावा.
गाठीवर आधी बत्ता मारा.
आणि चढावर पाय नका चालवू,
चाक हातानं फिरवा."
म्हणून कूस बदलली.

बत्त्याला संध्याकाळच्या शेंगाचटणीचं तेल होतं.
टॉवेल गुंडाळला, तरी
वरच्या मजल्यावरच्या इरण्णानं खाली ठोकलं.
मीही ठोकलं. शिवण बसली.
मग एकेक टाका,
चाक हातानं,
सुई आत जाताना दिसते इतकं हळू.
एवढ्या हळू मी आयुष्यात
काही विणलं नव्हतं.

दोन्ही पाय झाले तेव्हा
नळाला पाणी आलं होतं.

लोकेशनं घातली. टाचेला टेकली.
"रेघ दिसते," म्हणाला.
बॉलपेनानं घासली त्यावर.
"लसणाचा वास येतोय."
येऊ दे.
बूट घालायला वाकला, तेव्हा
कड उलटी झाली आणि आतली सोंड बाहेर आली.
जरा वेळ बघत राहिला.
काही म्हणाला नाही. आत ढकलली
आणि बुटाची नाडी पुन्हा बांधली,
सुटलेली नसताना.

राजमणी चहाचा कप ठेवून उठली.
पोराला दारातच थांबवून
कडेवरून नख फिरवलं,
गणवेश तपासते तसं.
"टाका बरा आहे," म्हणाली.
मग माझ्याकडे बघून,
"दाब ठेवला नाही?"

तुकडाच तेवढा होता, म्हणालो.

लोकेश तोवर जिना उतरून गेला होता.